परदेशी तैनात सैनिकांचे लैंगिक गुन्हे : खटला चालवायचा कोणी?

प्रश्न (एक वाचक भगिनी, गिरगाव, मुंबई) : संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील सैनिकांनी आफ्रिकेत लहान मुलींवर अत्याचार केल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. ‘तुकडी परत पाठवली’ यापलीकडे पुढे काही कळत नाही. तिथले पोलीस या सैनिकांना अटक का करत नाहीत? आपल्या जवानाकडून असा गुन्हा घडला, तर आपला कायदा काय सांगतो?

उत्तर : तिथल्या पोलिसांना तसा अधिकारच नसतो. शांतिसेना एखाद्या देशात उतरते तेव्हा संयुक्त राष्ट्रे त्या देशाशी करार करतात. या कराराच्या १९९० सालच्या नमुन्यानुसार, लष्करी तुकडीतील सैनिकावर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार फक्त त्याला पाठवणाऱ्या देशाकडे राहतो. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे फौजदारी न्यायालय नाही. चौकशी करणे आणि सैनिकाला मायदेशी धाडणे, इथे त्यांचा अधिकार संपतो. युद्धाने होरपळलेल्या देशात न्यायव्यवस्था बहुधा कोलमडलेली असते आणि तिच्या हाती आपला सैनिक द्यायला सरकारे राजी नसतात, म्हणून ही तरतूद आली. ती समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत आजवर पीडितांनीच मोजली आहे.

कारण गुन्हा घडतो एका खंडात आणि खटला चालायचा असतो दुसऱ्या खंडात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे विमानतळालगत विस्थापितांची छावणी होती. फ्रेंच सैनिकांनी खायला देण्याच्या बदल्यात आपल्यावर अत्याचार केले, असे तिथल्या मुलांनी २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना सांगितले. जबाब देणाऱ्यांत नऊ-दहा वर्षांची मुलेही होती. (हे सैनिक शांतिसेनेचे नव्हते, सुरक्षा परिषदेच्या मंजुरीने ते तिथे गेले होते.) हे जबाब या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिले, मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही, असा ठपका स्वतंत्र समितीने डिसेंबर २०१५ मध्ये ठेवला. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या तपासी न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणून प्रकरण बंद केले. भुकेल्या मुलाकडून पक्क्या ओळखीची अपेक्षा धरायची आणि तपासाला मात्र सवडीने जायचे, तर दुसरे काय होणार?

हैतीमध्येही तेच झाले. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून २००७ साली श्रीलंकेचे शंभराहून अधिक सैनिक परत पाठवले गेले. त्यांपैकी एकही तुरुंगात गेला नाही, हे २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शोधवृत्ताने उघडकीस आणले. सुरक्षा परिषदेच्या २०१६ च्या ठराव क्रमांक २२७२ ने संपूर्ण तुकडी परत पाठवण्याची वाट मोकळी केली आणि २०२१ मध्ये गॅबॉनचे सुमारे ४५० सैनिक तसे परतलेही. परंतु परत पाठवणे ही शिक्षा नव्हे, उलट त्यामुळे आरोपी साक्षीदारांपासून दूर जातो.

म्हणून लष्करी न्यायालय गुन्हा घडला त्या देशातच भरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिस्तानने २०१२ मध्ये हैतीतच आपले लष्करी न्यायाधिकरण भरवून, एका किशोरवयीन मुलावरील अत्याचाराबद्दल शांतिसेनेतील आपल्या दोन पोलिसांना दोषी ठरवले. एका वर्षाची शिक्षा फारच तोकडी होती, पण न्यायालय तिथे जाऊ शकते हे दिसले. जपानमध्ये तर करारच निराळा आहे. तिथे कामाबाहेरच्या गुन्ह्यांसाठी तळांवरील अमेरिकी सैनिकांवर प्रथम जपानी न्यायालयाचा अधिकार चालतो. ओकिनावात १९९५ साली बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या तिघांना नाहा येथील न्यायालयानेच तुरुंगात धाडले.

आता आपला कायदा. लष्कर कायदा, १९५० च्या कलम ७० नुसार, नागरी व्यक्तीवरील बलात्काराचा खटला एरवी कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालत नाही. तो साध्या फौजदारी न्यायालयात जातो. गुन्हा भारताबाहेर घडला असेल, तर मात्र कोर्ट मार्शल होऊ शकते. म्हणजे कायद्यात पळवाट नाही. अडचण कलम १२२ मधील, कोर्ट मार्शल सुरू करण्यासाठीच्या तीन वर्षांच्या मुदतीची आहे, कारण दूर देशातल्या चौकशीत तीन वर्षे बघता बघता निघून जातात. कांगोच्या उत्तर किवू भागातील भारतीय तुकडीवर स्थानिक स्त्रियांच्या शोषणाचे आरोप झाले, तेव्हा लष्कराने कोर्ट ऑफ इन्क्वायरी (खात्यांतर्गत चौकशी) नेमली, डीएनए चाचण्याही झाल्या. अशा चौकशीचा निष्कर्ष त्या स्त्रियांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवणे हेही आपल्या सरकारचे काम आहे.

प्रश्न (कायद्याचा विद्यार्थी, मुलुंड) : मुंबईत बसून सामान्य नागरिक याबाबत काय करू शकतो?

उत्तर : संयुक्त राष्ट्रे आता अशा तक्रारींची देशवार माहिती आपल्या संकेतस्थळावर देतात. त्यात भारताची नोंद पाहा आणि आपल्या खासदारांना पत्र लिहून लोकसभेत तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते) विचारायला सांगा : किती तक्रारी आल्या, किती कोर्ट मार्शल झाले, शिक्षा काय झाली आणि निकाल पीडितेला कळवला का?