७३ की ७३ज?

प्रश्न असा आलाय की हॅम रेडिओवर, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओवर, बोलणं संपवताना कोणी 'सेव्हन्टी थ्री' म्हणतं, कोणी 'बेस्ट सेव्हन्टी थ्रीज', तर यातलं बरोबर काय आणि मुळात हा आकडा आला कुठून?

बरोबर नुसतं ७३. त्याचा अर्थच 'बेस्ट रिगार्ड्स', म्हणजे 'बेस्ट' पण आत आणि अनेकवचन पण आत, वरून परत लावलं की 'पिवळा पीतांबर' नाहीतर 'गाईचं गोमूत्र' होतं.

आकडा हॅमवाल्यांचा नाहीच, अमेरिकेतल्या तारवाल्यांचा आहे. लांबलचक वाक्यं कडकट्ट करत बसण्यापेक्षा त्यांनी ठरलेल्या वाक्यांना नंबर देऊन टाकले होते. १८५७ मध्ये ७३ चा अर्थ 'माझं प्रेम' असा होता, १८५९ च्या '९२ कोड' नावाच्या नंबरांच्या यादीत तो बदलून जरा औपचारिक झाला आणि पुढे सरकत सरकत आजच्या अर्थावर आला. आपल्याकडे पत्रात सा.न.वि.वि. लिहायचे ना, तसंच हे, कोणी त्याची फोड करून वाचत नाही पण नसलं तर पत्र कोरडं वाटतं.

मला ७३ आवडतो तो मात्र कानाला. मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या आखूड-लांब ठोक्यांच्या लिपीत ऐका ('डि' किंवा 'डिट' आखूड, 'डा' लांब), डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. सात उलटा केला की तीन! पूर्ण आरशासारखं, आणि शेवटी एस जोडला की तीन डिट जास्तीचे येतात आणि सगळा ताल मोडतो, म्हणून जुने मोर्सवाले या 'ज'वर इतके चिडतात आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच आहे.

त्याच प्रश्नात 'ओएम' पण विचारलंय. ओल्ड मॅन, पण म्हातारा नव्हे, आपलं 'राव' किंवा 'गड्या' म्हणतो तसं, वीस वर्षांच्या पोरालाही ओएमच म्हणतात, त्यात अपमान काही नाही. बायकांसाठी वायएल, म्हणजे यंग लेडी, मग वय सत्तर का असेना.

आणि एक, कोणी तुम्हाला ७३ज म्हणालं तर तिथे बँडवरच दुरुस्त करत बसू नका, बाकीचे ऐकत असतात आणि समोरचा कदाचित नवीन असतो, आपण फक्त स्वच्छ ७३ परत द्यायचा, कॉलसाइन, म्हणजे आपली रेडिओवरची ओळखखूण, सांगायचा आणि फ्रीक्वेन्सी मोकळी करायची. ८८ मात्र जपून, तो 'लव्ह अँड किसेस' आहे, ओळख नसताना कोणालाही द्यायचा नसतो.