थारला सॉलिड अ‍ॅक्सल टाकताना लिफ्ट किती? आधी टेप घे, मग इंच बोल

भो, तुझा प्रश्न वाचला. २०१३ ची थार सीआरडीई, पुढचं आयएफएस (प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणारं सस्पेन्शन) काढून एमएम ५५० या महिंद्राच्या जुन्या जीपचं हौसिंग (दोन्ही चाकं जोडणारा अख्खा सॉलिड अ‍ॅक्सल) पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवायचं, टायर ३१ चे, वेल्डर म्हणतो लिफ्ट, म्हणजे वाढवलेली उंची, ६ इंच ठेव म्हणजे झंझट नाही, मित्र म्हणतो ३ मध्ये होतं, तर खरं कोण? दोघं हवेत बोलताय. मी माझी गाडी अमळनेरला शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये केली आणि दोनदा केली, म्हणजे पहिल्यांदा चुकली म्हणून दुसऱ्यांदा करावी लागली, तर जे सांगतोय ते खिशातले पैसे घालून शिकलेलं आहे असं समज.

पहिली गोष्ट, "अमुक इंच लिफ्ट" हा आकडा तुझ्या गाडीला लागूच होत नाही. जिप्सी किंवा जुन्या जीपला पाटे हौसिंगच्या खालून वर घेतले तर ५-६ इंच उचलते, तिथे आधी आणि नंतर मोजता येतं कारण हौसिंग तेच, पाटे तेच. तुझ्याकडे पुढे पाटेच नव्हते, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) होते. हँगर (पाटा चेसिसला अडकतो ती ब्रॅकेट) तू नवे वेल्ड करणार, म्हणजे गाडी किती उंच बसेल हे हँगर कुठे लावतो, पाट्याला कमान किती आणि शॅकल (पाट्याचं एक टोक धरणारी झुलती कडी) केवढं यावर आहे. म्हणून इंच ठरवायचे नसतात, ते बेरजेतून निघतात.

बेरीज अशी. आयएफएसमध्ये डिफ (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चेसिसला बांधलेला असतो, चाकं वरखाली होतात पण डिफ हलत नाही, म्हणून कंपनीने इंजिन खाली बसवलं आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) त्याला चिकटून ठेवलं तरी चालतं. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये अख्खं हौसिंग चाकासोबत वर येतं, आणि वर काय आहे, तर तुझं ऑइल चेंबर. आता ३१ चा टायर, वजन पडल्यावर सेंटर जमिनीपासून साधारण पावणेपंधरा इंचावर, धर १५. हौसिंगचा पाइप ३ इंचाच्या आसपास म्हणजे पाइपची वरची बाजू साडेसोळा. त्यावर ४ इंच बंप ट्रॅव्हल (हौसिंगला वर यायला मोकळी जागा) पाहिजेच, त्याच्याखाली गेलास तर दर खड्ड्यात बंप रबरवर बसशील, गाडी बैलगाडी होईल. झाले साडेवीस. बंप रबर दबतं त्याचा अर्धा-पाऊण इंच धर. म्हणजे पाइपच्या वर चेंबरचा किंवा क्रॉसमेंबरचा (चेसिसच्या आडव्या पट्टीचा) जो सगळ्यात खालचा भाग येतो तो जमिनीपासून २१ च्या वर पाहिजे. हे पाइपचं झालं, डिफचा गोळा पाइपपेक्षा बराच वर येतो, त्याच्यावर काय येतंय ते वेगळं मोज. आता गाडी सपाट फरशीवर उभी कर, चेंबरची खालची उंची टेपने घे, २१ मधून वजा कर, जे उरलं ती तुझी कमीत कमी लिफ्ट, आणि त्यातला एक इंच तर टायरच देतोय कारण स्टॉक २३५/७० आर १६ म्हणजे २९ चा टायर, ३१ घातला की सेंटर एक इंच वर. माझ्याकडे ही बेरीज पावणेचारवर आली. तुझी वेगळी येऊ शकते, इंजिन माउंट बसलेले असतील तर अजून वेगळी, आधी ते बदल.

गोळा कुठल्या बाजूला येतो तेही आत्ताच बघ. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) पुढचा आउटपुट ज्या बाजूला आहे त्याच बाजूला हौसिंगचा गोळा पाहिजे, नाहीतर जॉइंट (डिफपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट) तिरपा चेंबरखालून जाईल आणि मग ६ काय ८ इंच उचललंस तरी जमणार नाही. हौसिंग विकत घेण्याआधी बघायची गोष्ट ही, पण तू घेऊन बसलायस, असो.

आणि रेशो, म्हणजे दोन्ही चाकं एक फेरा फिरली की जॉइंट किती फेरे फिरतो. मागचा आणि पुढचा एकच पाहिजे, बाकी सगळं जमलं आणि हे चुकलं तर फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केस बोंबलणार. एक चाक उचल, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, उचललेलं चाक बरोबर २ फेरे फिरव आणि जॉइंट किती फिरला मोज, तो रेशो. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा डिफ) असेल तर असं मोजता येत नाही.

आता स्टेअरिंग, इथेच माझी वाट लागली होती. सीआरडीईला रॅक (रॅक-पिनियन स्टेअरिंग) आहे. रॅक चेसिसला घट्ट, हौसिंग वरखाली, दोघांचं जमत नाही, रॅक काढून चेसिसवर स्टेअरिंग बॉक्स बसवावाच लागतो. "रॅक ठेवून जुगाड करून देतो" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन निघून ये. मी बॉक्स बसवला पण पहिल्या वेळी गाडी साडेसहा इंच उचलली होती, दिसायला एक नंबर, पोरं फोटो काढायची. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) मात्र घसरगुंडीसारखी तिरपी झाली. लिंक आडवी असली तर हौसिंग वरखाली होताना चाकाला फारसा धक्का बसत नाही, पण तिरपी असली की प्रत्येक खड्ड्यात लिंक चाक ढकलते, स्टेअरिंग धरलंय सरळ आणि गाडी चालली शेजारच्याच्या दारात. त्यात मी जॉइंटचा अँगल वाचवायला पिनियन (डिफचं जॉइंट जोडतो ते तोंड) वर फिरवलं होतं, त्यामुळे कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागचा कल, ज्याने स्टेअरिंग आपोआप सरळ येतं) जवळपास शून्य. शहाद्याहून तोरणमाळला चढताना काही वाटलं नाही, यशवंत तलावाजवळ निवांत भाजी-भाकरी खाल्ली, उतरताना प्रत्येक वळणावर स्टेअरिंग हाताने ओढून परत आणावं लागत होतं. घाट, एका बाजूला दरी, आणि बाजूला बसलेली बायको एक शब्द बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना कळेल.

कॅस्टर आणि पिनियन हे भांडणारे भाऊ आहेत. हौसिंग एकच तुकडा, पिनियन २ अंश वर फिरवलंस की कॅस्टर २ अंश गेला. मोठ्या टायरला ५-६ अंश कॅस्टर पाहिजे. आणि लिफ्ट वाढवली की जॉइंट तिरपा होतोच, समज पुढचा जॉइंट २४ इंचाचा आहे, पिनियन ४ इंच खाली गेलं तर साडेनऊ अंशाच्या आसपास वाढले, ६ इंच गेलं तर १४. थारचा पुढचा जॉइंट काही लांबलचक नाही. म्हणजे वेल्डरचे ते वरचे २ इंच फुकट नाहीयेत, ते एकतर क्रॉस (जॉइंटचा सांधा) खाणार नाहीतर स्टेअरिंग खाणार. दोन्ही पाहिजे असेल तर हौसिंगची टोकं कापून नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) वेगळे फिरवून वेल्ड करायचे, पण ते काम प्रत्येकाने करायचं नाही, जिगशिवाय (माप पक्कं धरणाऱ्या चौकटीशिवाय) तर नाहीच.

मी शेवटी काय केलं तर पावणेचारवर उतरलो, कॅस्टर ५ वर आणला, ड्रॅग लिंक नकलच्या वरून घेतली म्हणजे ती जवळपास आडवी झाली. फक्त वरून घेतली की पूर्ण बंपला ती चेसिसला किंवा पाट्याला लागत नाही ना हे बघावं लागतं, माझी लागत होती पाव इंचाने, बंप स्टॉप तेवढा खाली घेतला.

शॅकल जुन्या जीपला पुढे असतं, तू नवे हँगर लावतोयस तर मागे घे, दगडावर पुढचं चाक आदळलं की हौसिंगला मागे सरकायला जागा मिळते, राइड बरीच नरम होते. पण मग हौसिंग बंपला मागे येतं आणि सुटलं की पुढे जातं, म्हणून जॉइंटचा स्लिप (आतबाहेर सरकणारा भाग) लांब पाहिजे, आणि ब्रेक मारल्यावर गाडी थोडी जास्त नाक खाली घालते. मला चाललं.

पाटे धुळ्याला हायवेवरच्या कमानवाल्याकडून बनव, मुंबई-आग्र्याच्या ट्रकांवर ती लोकं मोठी झालीये, पाट्याला हात लावून वजन सांगतात. त्यांना एमएमचं नाव सांगू नको नाहीतर त्या मापाचे पाटे देतील, सीआरडीई इंजिन जड आहे, पुढचं वजन काट्यावर करून घेऊन जा. मी दोन दिवसांत दे म्हणून मागे लागलो होतो तर म्हातारा मिस्त्री म्हणे, "कसाले इतली घाई करी ऱ्हायना भो?" बरोबर होतं त्याचं. नवे पाटे पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसतात, पाऊण-एक इंच त्यासाठी जास्त धर.

पक्कं वेल्ड करण्याआधी एक काम करच. सगळं टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारून ठेव, पाट्याच्या गड्ड्यातून फक्त मेन पाटा ठेव, बाकी काढ, आणि जॅकने हौसिंग पूर्ण वर घे, मग एक बाजू वर एक खाली, मग उलटं, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून. चेंबर, ब्रेकचे होज, लिंक, जॉइंटचा स्लिप, टायर मडगार्डला, सगळं तिथेच दिसतं. यात अर्धा दिवस जातो. हे काम मे मध्ये काढू नको, दुपारी चेसिसला हात लावता येत नाही.

आयएफएसचा क्रॉसमेंबर कापलास की चेसिस पुढून मोकळी होते हेही विसरू नको. त्याच्या जागी नवीन पाइप टाक, जॉइंट जाईल असा खाली वाकवून, नाहीतर सहा महिन्यांत स्टेअरिंग बॉक्सजवळ चीर दिसेल.

एमएमचं हौसिंग थारपेक्षा अरुंद आहे, चाकाच्या फेस टू फेस, म्हणजे चाक बसतं त्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, मोज. उंच आणि अरुंद दोन्ही केलंस तर सातपुड्यात साइड स्लोपवर पोटात गोळा येईल. हे अजून एक कारण कमी उंचीचं.

आणि तू लिहिलंय की पावसाळ्यात केळीच्या बांधावर गाडी अडकते म्हणून लिफ्ट पाहिजे. भो, काळ्या मातीत गाडी अडकते ती गोळा नांगरासारखा रुततो म्हणून, आणि गोळा लिफ्टने एक सूत वर जात नाही. लिफ्टने चेसिस वर जाते, गोळा फक्त टायर वर नेतो. उलट आयएफएसमध्ये डिफ वर होता, तो तू आता खाली आणतोयस! गारा म्हणजे चिखल हाच त्रास असेल तर मड टायर, हवा कमी करणं आणि मागे लॉकर, यात अर्ध्या पैशात काम होतं. सॉलिड अ‍ॅक्सल दगडासाठी, फ्लेक्ससाठी (एक चाक खूप वर, एक खूप खाली जावं म्हणून) आणि तुटलं तर गावातल्या गॅरेजला दुरुस्त होतं म्हणून घ्यायचं.

कागदांचं पण सांगतो, कोणाला आवडत नाही तरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही. तुझी गाडी २०२८ ला १५ वर्षांची होणार, आरसी रिन्यू करायला फिटनेसला न्यावीच लागेल, तेव्हा इन्स्पेक्टर खाली वाकून बघणार. इन्शुरन्सवाला पण अपघातानंतर हेच बघतो. माझी गाडी रस्त्यावर फार येत नाही, तुझी रोजची आहे, हा फरक डोक्यात ठेव.

चेंबरची उंची, फेस टू फेस आणि जॉइंटची लांबी हे तीन आकडे टेपच्या फोटोसकट टाक, मग हँगर कुठे लावायचा ते बघू. नाहीतर थंडीत गाडी घेऊनच ये, शेतात भरीत पार्टी असतेच, बामणोदची वांगी आणतो, तुरीच्या काड्यांवर भाजेपर्यंत आपण गाडीखाली.