दिवाळीच्या गिफ्ट कार्डाचे पैसे करायचेत?

अरे पहिलं म्हणजे कार्ड लगेच स्वतःच्या अकाउंटला ॲड करू नकोस, अ‍ॅमेझॉनचं एकदा ॲड झालं की बॅलन्स दुसऱ्याला देता येत नाही. आणि बँकेचं गिफ्ट कार्ड असेल तर एटीएममधून कॅश निघणार नाही, आरबीआयचा नियमच आहे तसा, एका कार्डाची लिमिट पण 10,000 रुपयांचीच.

सगळ्यात सेफ म्हणजे घरातलाच किंवा ऑफिसमधला कोणीतरी गाठ ज्याला तसंही काही मागवायचंय, त्याची ऑर्डर तू कार्डावर टाक आणि तो तुला जीपे करेल, थोडं कमी मिळालं तरी चालेल. टेलिग्रामवर "95 टक्के रेट" म्हणजे कार्डाच्या किमतीच्या 95 टक्के देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नकोस. आधी कोड मागतात, "चेक करून पैसे टाकतो" म्हणतात आणि ब्लॉक! स्क्रॅच केलेल्या कार्डाचा फोटो पाठवणं म्हणजे कोड देणंच झालं. पेमेंटचा स्क्रीनशॉट आला तरी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये पैसे दिसल्याशिवाय हलायचं नाही, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कोणी टाकायला सांगितला की फोन ठेव.

फसलासच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल कर. एक्सपायरी डेट आजच बघून ठेव हां.