कोथरूडमधील जुनी सदनिका घेऊन, नवी करून विकावी का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. मुलगी नववीत आहे. २४ लाखांच्या मुदत ठेवी आणि १४ लाखांचे म्युच्युअल फंड एवढी आमची शिल्लक आहे. ‘फ्लिपिंग आउट’ ही अमेरिकन मालिका पाहिल्यापासून, जुने घर घेऊन ते नवे करून विकण्याचा विचार घरात पक्का होत आला आहे. कोथरूडमध्ये १९९० च्या सुमारास बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची दोन बेडरूमची सदनिका ८० लाखांना मिळते आहे. ६० लाखांचे कर्ज काढून, १२ लाख नूतनीकरणावर खर्च करून ती दहा महिन्यांत १ कोटी १० लाखांना विकली, तर १८ लाख सुटतील असा आमचा हिशेब आहे. माझा भाऊ बांधकामाची कंत्राटे घेतो, धाकट्या दिरांना सजावटीची उत्तम दृष्टी आहे (एक फरशी पसंत करायला ते चार दुकाने पालथी घालतात) आणि मावसभाऊ दलाली करतो. मालक विसार मागत आहेत. द्यावा का? (एक वाचक भगिनी, कर्वेनगर)

उत्तर : विसार देऊ नये. या किमतीला हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरातील माणसांच्या कौशल्याविषयी मला शंका नाही, आणि त्याचा उपयोग कसा करता येईल हेही पुढे लिहितो. परंतु तुमच्या १८ लाखांतून अजून बरेच काही वजा व्हायचे आहे.

सदनिका पती-पत्नींच्या संयुक्त नावावर घेतली, तर पुण्यात स्थानिक संस्था अधिभार व मेट्रो अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये, आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क लागेल. केवळ तुमच्या एकटीच्या नावावर घेतल्यास महिलांसाठीच्या एक टक्का सवलतीमुळे ८० हजार वाचतील, पण कर्जासाठी दोघांचे उत्पन्न धरायचे असल्याने बँकेशी आधी बोलावे लागेल. खरेदी व विक्री या दोन्ही वेळची एकेक टक्का दलाली मिळून १ लाख ९० हजार होते. मावसभाऊ स्वतःचा वाटा सोडेलही, पण समोरच्या पक्षाचा दलाल कोणाच्या नात्यातला नसतो, म्हणून मी ती पूर्ण धरली आहे. वकिलांकडून मालकीहक्काचा शोध, कर्जाचे प्रक्रिया शुल्क आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क यांसाठी पाऊण लाख धरावेत. साडेआठ टक्के दराने ६० लाखांचे व्याजच महिन्याला ४२,५०० रुपये होते, म्हणजे दहा महिन्यांचे सव्वाचार लाख. त्यात मेंटेनन्स, वीज आणि मिळकतकर यांचे ४० हजार मिळवा. हे सगळे १३ लाख २० हजारांपर्यंत जाते आणि तुमच्या १८ लाखांपैकी ४ लाख ८० हजार शिल्लक राहतात.

यावर प्राप्तिकर आहे. घर घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकले, तर होणारा नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर टप्प्यानुसार कर लागतो. तुम्ही दोघेही सर्वांत वरच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह तो ३१.२ टक्के होतो. अशा व्यवहारात कर्जाचे व्याज खर्च म्हणून धरू दिले जाईल की नाही, यावर वाद होऊ शकतो. धरू दिले तर कर साधारण दीड ते पावणेदोन लाख भरावा लागेल आणि न धरू दिल्यास तो तीन लाखांच्या जवळ जाईल. असे व्यवहार वारंवार केले, तर हा व्यवसायच आहे असे प्राप्तिकर खाते म्हणू शकते, म्हणून करसल्लागाराला करारनाम्याच्या आधी भेटणे आवश्यक आहे. कोणत्याही बाजूने मोजले तरी तुमच्या हातात दोन-तीन लाख उरतात. तुमचे ३८ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत पडून राहिले असते, तरी दहा महिन्यांत कर कापण्यापूर्वी दोन लाखांच्या आसपास व्याज आले असते.

दीर्घमुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्केच कर असतो, मग दोन वर्षे थांबून विकले तर काय, असे तुमच्या मनात येईल. थांबण्याच्या चौदा महिन्यांचे व्याजच सहा लाखांच्या घरात जाते आणि वाचणारा कर पावणेदोन लाखांहून अधिक नाही.

याहून मला चिंता वाटते ती रोख रकमेची. खरेदीतील तुमचा २० लाखांचा हिस्सा, शुल्क व दलाली मिळून साडेसात लाख आणि नूतनीकरणाचे १२ लाख एवढ्यातच साडेएकोणचाळीस लाख लागतात, आणि तुमची एकूण शिल्लक ३८ लाखांची आहे. शिवाय वीस वर्षांच्या मुदतीने महिन्याला ५२ हजारांचा हप्ता सुरू होईल. इमारत पस्तिशीची असल्यामुळे बँक मुदत कमी करेल आणि हप्ता वाढेल, हीही शक्यता धरून चला. मुलगी तीन वर्षांत बारावीला असेल. त्या वेळी लागणारे पैसे एका न विकलेल्या सदनिकेत अडकलेले असणे मला मान्य नाही. घर १ कोटी १० ऐवजी १ कोटी ५ लाखांना गेले, तर नफा संपतो. व्याज खर्चात धरू दिले नाही, तर प्रत्यक्ष तोटा होऊनही वर लाख-सव्वा लाख कर भरावा लागेल.

आता मालिकेविषयी, कारण तुमच्या घरातील विचाराचे मूळ तिथे आहे. ‘फ्लिपिंग आउट’ २००७ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर सुरू झाली. घरातील प्रत्येक वस्तू रेषेत हवी असा कमालीचा आग्रह धरणारा जेफ लुईस, त्याची मदतनीस जेनी पुलोस आणि घर सांभाळणारी झोइला चावेझ ही माणसे कोणालाही आवडावीत अशीच आहेत. परंतु त्यांचा बाजार लॉस एंजेलिसचा आहे. तिथे स्वतंत्र घर जमिनीसह विकत मिळते, भिंती बहुधा लाकडी सांगाड्याच्या असतात, न्हाणीघर वाढवता येते आणि त्याप्रमाणे घराचे मूल्यांकनही वाढते. मालिका सुरू झाली त्या काळात तिथला हस्तांतरण कर शहर आणि काउंटी मिळून हजार डॉलरमागे ५.६० डॉलर होता. आपल्याकडे हजार रुपयांमागे ७० रुपये जातात. तिथली दलाली आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त असते हेही खरे, पण एवढे सगळे अनुकूल असूनही २००८ च्या मंदीनंतर लुईसने स्वतःच्या पैशाने घरे घेऊन विकण्यावरचा भर कमी केला आणि शुल्क घेऊन इतरांच्या घरांचे नूतनीकरण करू लागला. मालिकेच्या पुढच्या भागांत प्रामुख्याने तेच काम दिसते. तुमच्यासाठी मालिकेतील सर्वांत उपयुक्त माहिती हीच आहे.

कोथरूडमधील जुन्या सदनिकेचे मोल कशावर ठरते, हे मी थोडे विस्ताराने सांगतो. त्या भागातील ऐंशी-नव्वदच्या दशकांतील अनेक सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. तिथे येणारा खरेदीदार चटई क्षेत्र किती, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झाले आहे का, पुनर्विकासात किती वाढीव जागा मिळेल हे विचारतो. तुमच्या दिरांनी चार दुकाने पालथी घालून आणलेली फरशी त्याला आवडेल, पण तिच्यासाठी तो वेगळे पैसे मोजणार नाही, कारण ती काही वर्षांत इमारतीबरोबर पडणार आहे हे त्याला ठाऊक असते. पुनर्विकास नको असलेले आणि राहायला येणारे कुटुंबही बहुधा कर्ज काढूनच घेते. त्यांची बँक क्षेत्रफळ, इमारतीचे वय आणि परिसरातील दर पाहून मूल्यांकन करते. मॉड्युलर किचनसाठी जास्त मागितलेले दहा लाख त्या मूल्यांकनात बसत नाहीत, म्हणजे ते खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून द्यायचे. मग फरक रोखीने देतो असा प्रस्ताव येतो. तो स्वीकारू नका. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

नूतनीकरणाचे १२ लाखही मला कमी वाटतात. अशा इमारतीतील न्हाणीघराची फरशी उखडली की खाली गंजलेले लोखंडी पाइप सापडतात, ते बदलायला घेतले की खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आल्याची तक्रार येते, आणि मग वॉटरप्रूफिंगचा खर्च वाढतो. लिफ्ट नसल्याने वाळू-सिमेंट तिसऱ्या मजल्यावर चढवायची आणि राडारोडा उतरवायचा, याची मजुरी वेगळी. सोसायटी अनामत रक्कम मागते, दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत ठोकाठोक करू देत नाही, आणि दहा आठवड्यांचे काम सोळा आठवड्यांवर जाते. तुमच्या भावाला हे सगळे ठाऊक असणार. त्यांनी अंदाज घरचा म्हणून दिला असेल, तर परक्या ग्राहकाला देतात तसा लेखी द्यायला सांगा.

हीच सदनिका ७४-७५ लाखांना मिळत असेल, तर करापूर्वीचा नफा दहा लाखांच्या आसपास जातो आणि विचाराला जागा राहते. मात्र तेव्हाही तुमच्या ठेवींपैकी किमान १० लाखांना हात लावू नये आणि उरलेली रक्कम भाऊ व दीर यांनी भागीदार म्हणून, लेखी करार करून, घालावी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभांची गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते व बांधकाम तपासणीचा अहवाल पाहावा. तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी असे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) म्हटले आहे. पुनर्विकासाचा ठराव झालेला असेल, तर नूतनीकरणावर एक रुपयाही घालू नका. रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) दरही पाहा, कारण त्यानुसार येणाऱ्या किमतीपेक्षा फार कमी भावात घेतल्यास फरकावर तुम्हाला कर लागू शकतो.

माझी सूचना अशी की, तुमच्या भावाने आणि दिरांनी हे काम शुल्क घेऊन करावे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत मुले परदेशी असलेली ज्येष्ठ जोडपी पुष्कळ आहेत. त्यांना घर दुरुस्त करायचे असते, पण कंत्राटदारावर लक्ष ठेवायला माणूस नसतो. १२ लाखांच्या कामावर १० टक्के देखरेख शुल्क घेतले, तरी १ लाख २० हजार मिळतात. वर्षात अशी तीन कामे झाली, तर तुमच्या या व्यवहारातून उरणाऱ्या रकमेपेक्षा अधिक उत्पन्न होईल, तेही कर्ज न काढता आणि ठेवी न मोडता. दिरांची चोखंदळ वृत्ती इथे खरोखर उपयोगी पडेल, कारण ग्राहक तिच्यासाठीच पैसे देतो. मावसभावाला नव्याने घर घेणाऱ्यांची माहिती आधी मिळते, त्यामुळे कामे आणण्याची जबाबदारी त्याला द्यावी आणि त्याचा वाटा आधीच ठरवावा.

सुरुवात तुमच्याच घरातील न्हाणीघरापासून किंवा एखाद्या नातेवाइकाच्या स्वयंपाकघरापासून करा. त्या कामाचा आधीचा अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि लागलेले दिवस यांची नोंद ठेवून मला पाठवली, तर पहिल्या बाहेरच्या ग्राहकाला शुल्क किती सांगावे हे आपण त्यावरून ठरवू.