उन्हाळी सुट्टीत प्रवास, डोंगर आणि घर हे तिन्ही कसे जमवावे?

शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याने मे महिन्यात कोल्हापूरला आल्यावर सुट्टी मित्रांबरोबरच्या ट्रेकला द्यावी, लांबच्या प्रवासाला द्यावी की घरच्यांना, असा तुमचा प्रश्न आहे. मीही बाहेर शिकतो आणि सुट्टीपुरता घरी येतो. माझे उत्तर असे, की ट्रेक घरच्यांनाच बरोबर घेऊन करावा आणि तोही शक्यतो नातेवाइकांच्या गावाजवळच्या डोंगरावर. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा किंवा चंदगड यांपैकी एखाद्या तालुक्यात आपल्याकडे बहुतेकांचे आजोळ, आत्याचे घर किंवा निदान वडिलांच्या मित्राचे शेत असतेच, आणि तिथून सह्याद्रीची धार फार लांब नसते.

माझे आजोळ भुदरगड तालुक्यात पाटगावच्या बाजूला आहे. मौनी महाराजांच्या मठामुळे आणि अलीकडे ‘मधाचे गाव’ म्हणून पाटगाव पुष्कळांना ठाऊक आहे. रांगणा किल्ल्याकडे जाणारी वाट याच भागातून पुढे चिक्केवाडीवरून जाते. गेल्या उन्हाळ्यात मामा आणि आजोबा यांच्याबरोबर मी ती चाललो. मी मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेतला होता, पण आजोबांनी तो एकदाही पाहिला नाही, कारण कुठल्या ओढ्याशी वळायचे आणि कुठल्या झाडापाशी गुरांची वाट सोडायची हे त्यांना पाठ होते. निघताना त्यांनी एवढेच बजावले, “गवा दिसला तर जागच्या जागी थांबायचं, पळायचं न्हाई.” गवा दिसला नाही, त्याचे ताजे शेण मात्र वाटेत पडलेले होते, आणि ते पाहिल्यावर आमच्या गप्पा आपोआप हळू आवाजात होऊ लागल्या.

मे महिन्यात या जंगलात करवंदांच्या जाळ्या काळ्या पडलेल्या असतात. करवंद तोडले की देठाशी पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि ओठांना चिकटून राहतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही. आजोबा पिकलेले फळ तेवढेच बोटाने हलकेच ओढत, आणि जे सहज हाती येणार नाही ते जाळीतच ठेवत. मामा मात्र मुठीने ओरबाडत होता आणि त्याबद्दल बोलणी खात होता. गडावर रांगणाई देवीच्या देवळापाशी आम्ही भाकरी, खर्डा, कांदा आणि दही असे जेवलो. नंतर पश्चिमेच्या कड्यावरून खाली कोकण दाखवत आजोबांनी, त्यांच्या लहानपणी माणसे डोक्यावर ओझे घेऊन हे घाट कसे चढत-उतरत असत, ते सांगितले. मामाला हे सगळे माहीत असेल असे मला वाटत होते, पण तोही माझ्याइतक्याच उत्सुकतेने ऐकत होता.

उन्हाळ्यातल्या चालीसाठी वेळ पाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पहाटे अंधारातच घर सोडावे आणि ऊन तापायच्या आत चढ संपवावा; माणशी किमान तीन लिटर पाणी जवळ ठेवावे, कारण वाटेतले झरे मे महिन्यात आटलेले असू शकतात. वळीव बहुधा दुपारनंतर येतो आणि विजा घेऊनच येतो, तेव्हा त्या सुमारास उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली असू नये. हे गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही, शहरातल्या मित्रांना मात्र परत परत सांगावे लागते.

घरात ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी पन्हाळा आहे. गाडी थेट वर जाते, तीन दरवाजा आणि अंबरखाना सावकाश पाहून होतो, आणि झुणका-भाकर खाल्ल्याशिवाय कोणी उतरत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी तो एक असल्याने सुट्टीत गर्दी असते. म्हणून रविवार टाळावा.

लांबचा प्रवासही घरच्यांबरोबर करायचा असेल तर मी तिरुपती सुचवेन. कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाव, हुबळी, गुंतकल या मार्गाने थेट तिथे नेते, आणि एका रात्रीच्या त्या प्रवासात घरातली माणसे जितके बोलतात तितके घरी टीव्हीसमोर महिनाभरात बोलत नाहीत. अलिपिरीहून तिरुमलाला सुमारे 3,550 पायऱ्यांची वाट आहे. ती पहाटे चढली तर तुमची डोंगराची हौसही भागते. आई-वडिलांना बसने वर पाठवून तुम्ही पायी जाऊ शकता. आरक्षण मात्र परीक्षेचे वेळापत्रक लागताच करून टाकावे, मेमधली जागा आयत्या वेळी मिळत नाही.

मित्रांनाही अर्थातच वेळ द्यावा. त्यांच्यासाठी मी पन्हाळा ते पावनखिंड ही चाल राखून ठेवतो. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती रात्र जुलै 1660 मधली, भर पावसातली होती, आणि ती वाट चालावी तर पावसाळ्यातच. तेव्हा कॉलेज सुरू झालेले असते, त्यामुळे त्या शनिवार-रविवारची सोय मेमध्येच मित्रांशी बोलून ठरवावी लागते.