जर्मनीत फुटपाथवर घरांसमोर पितळेचे छोटे चौकोन बसवलेले दिसतात, ते काय असतात?

त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर हे बसवतात. शेवटचं घर म्हणजे जे त्यांनी स्वतःच्या मर्जीने निवडलं होतं ते; नंतर जबरदस्तीने जिथे कोंबलं ते नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

गुंटर डेमनिग या कलाकाराने 1992 साली कोलोनमध्ये सुरुवात केली. 2023 मध्ये एक लाखावा दगड न्यूरेंबर्गला बसला. बहुतेक ज्यूंचे आहेत, पण रोमा-सिंती (युरोपातले, पूर्वापार भटके मानले गेलेले समाज), समलैंगिक, अपंग, राजकीय विरोधक यांचेही आहेत.

दगड जेमतेम तळहाताएवढा, साधारण 10 सेंटिमीटरचा. वर 'इथे राहत होती', खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. बस्स. अक्षरं हाताने, एकेक करून ठोकतात, कारण ती माणसं कारखान्यासारखी मारली गेली होती. एकाच दारासमोर आई, वडील आणि मुलाचे दगड शेजारी शेजारी असतात, तेव्हा मुलाच्या जन्मसालावरून आपण नकळत वय मोजतो. वाचायला मान खाली घालावीच लागते.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. म्युनिकमध्ये सार्वजनिक रस्त्यावर परवानगी नाही. मृतांची नावं पायदळी येतात, असं तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांचं म्हणणं. त्या स्वतः त्या काळातून वाचलेल्या आहेत, त्यामुळे तो आक्षेप मी हलक्यात घेणार नाही.

पितळ काळवंडतं, म्हणून 9 नोव्हेंबरच्या सुमारास (1938 मध्ये त्या रात्री नाझींनी ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली होती) शेजारीपाजारी गुडघ्यावर बसून ते घासतात.