राजीनाम्याआधी एक विहीर

सोलापूर

प्रिय मुली,

राजीनाम्याचा मसुदा पाठवलास आणि त्यावर तारीख घातली नाहीस, हे बरं केलंस. मे उलटेपर्यंत ती जागा कोरीच ठेव.

जिल्हा परिषदेतली कायम नोकरी सोडून पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत जायचं म्हणतेस. पण तू दिलेली निम्मी कारणं ऑफिसची आहेत. तेच टेबल, त्याच फायली, एका सहीसाठी आठवडाभर वाट. एवढ्यावर निघालीस तर सहा महिन्यांत तिथेही कंटाळशील, कारण भूजलाचं काम म्हणजे त्याच विहिरीवर पुन्हा पुन्हा जाणं. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं वर्षानुवर्षं हेच करतात. विहीर ठरलेली, काठावरची खूण ठरलेली, टेप सोडायची आणि पाणी किती खोल आहे तो आकडा लिहायचा. सुट्या आकड्याला काही किंमत नाही. दहा वर्षांचे आकडे शेजारी मांडले, की मग दिसतं पाऊस बरा होऊनही पातळी का उतरतेय.

आपल्याकडे हे काम का हवं, ते सांगते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्याचा जोर सप्टेंबरात, म्हणून आपला जिल्हा रब्बीचा. खाली सगळा बेसाल्ट. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, सलग काळ्या पाषाणात नाही. त्यामुळे बांधाच्या अलीकडची विहीर मार्चपर्यंत टिकते आणि पलीकडची संक्रांतीलाच तळ दाखवते. सांगोल्याकडे डाळिंबाची बाग जगवायला माणूस पाणाड्या आणतो, नारळ फिरवतो आणि कर्ज काढून बोअरवर बोअर पाडतो. त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं, ‘मालक, इथं खाली पाषाण आहे, पैसे घालू नका.’ आणि ते त्याला पटायला हवं. पावसाळ्यात हिरवळीचे फोटो काढून गेलेल्या माणसाचं तो का ऐकेल? मे महिन्यात, ४२-४३ अंशांच्या उन्हात, त्याच्या आटलेल्या विहिरीशी जी उभी होती, तिचं ऐकतो. मला या कामाची ओढ आहे ती यासाठीच. एक फसलेला बोअर म्हणजे त्या घराची दोन-तीन वर्षं जातात.

म्हणून आधी एक विहीर धर. मोहोळ नाहीतर दक्षिण सोलापूरमधलं, एसटी जाते असं गाव निवड आणि रविवारी जा. ऑक्टोबरची मोजणी आत्ताच करता येईल. शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते, तेव्हा पंप कधी बंद होता ते विचारूनच टेप सोड, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी खरी समजशील. जुनी माणसं खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतील आणि बोअरच्या पाण्याची धार इंचात. ते तसंच लिहून घे, नंतर मीटरमध्ये मांड. शिवारात ऊस किती, ज्वारी किती, गेल्या दोन वर्षांत नवे बोअर किती, हेही टिप. तू कॅशबुक लिहितेस, जमा-खर्चाचा मेळ बसेपर्यंत उठत नाहीस. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला नेमकी हीच सवय लागते, आणि ती फार थोड्यांना असते. ऑफिसातली वर्षं वाया गेली असं लिहू नकोस.

मोहोळला गेलीस तर ज्वारीचं रानही बघ. तिथल्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण आजही पेरलं जातं. हंगामामागून हंगाम ज्वारीची ताटं न्याहाळणाऱ्या माणसांची ती कमाई आहे.

आता पैशाचं. संस्थेची नोकरी बहुतेक प्रकल्पापुरती असते. निधी संपला की नेमणूक संपते, भले काम अर्धवट राहो. नेमणूकपत्र हातात येण्याआधी विचार, पेट्रोलचा खर्च कोण देणार, अपघात विमा आहे का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, मुक्कामी राहावं लागलं तर बाईमाणसाची राहायची आणि शौचालयाची सोय काय. हे विचारलंस म्हणून जे नाराज होतील, त्यांच्याकडे जाऊच नकोस. आस्थापना शाखेत असाधारण रजेची चौकशी कर. ती बिनपगारी असते, मंजुरी वरिष्ठांच्या हाती असते, आणि रजेवर असताना दुसरीकडे पगार घ्यायला परवानगी लागते. सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे आणि मागासवर्गीयांची ४३. परतीचं दार किती वर्षं उघडं राहील, ते आपल्या वयावरून मोज. भावाच्या शिक्षणाचा हप्ता तुझ्या पगारातून जातो हे मला माहीत आहे. वर्षभराचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. आईला हा हिशेब कागदावर दाखव, तिला नुसता उत्साह दाखवून चालणार नाही.

अक्कलकोटच्या बाजूला काम मिळालं तर कानडी शिकायला लाग. तिकडच्या बऱ्याच घरांत तीच बोलतात, आणि पाण्याच्या खऱ्या गोष्टी चुलीपाशी बसलेल्या बाईकडून कळतात.

माझं मत स्पष्ट विचारलंस. तू जावंस असं मला मनापासून वाटतं, पण जूनमध्ये. मार्चनंतर त्या विहिरीवर जाणं जिवावर यायला लागलं, तर नोकरी सोडू नकोस. रविवारची मोजणी तेवढी चालू ठेव, तीही गावाच्या उपयोगी पडेल. आणि मेच्या उन्हातही तुला आकड्याची उत्सुकता राहिली, तर मसुद्यावर तारीख घाल. आईशी मी स्वतः बोलेन.

जानेवारीची मोजणी झाली की आकडे पाठव. सोबत पंप किती वाजता बंद केला तेही लिही.

तुझी,
मावशी